पडद्यावरचे ग्रह आणि आपली पृथ्वी



आज मी तुमच्याशी काही ग्रहांविषयी बोलणार आहे. ग्रह म्हटले की आपल्याकडे पहिल्याने पत्रिका आठवते. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की कोणाच्या कितव्या घरात मंगळ बसला आहे, याच्याशी आजच्या भाषणाचा काही संबंध नाही. शनीची साडेसातीही आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. मी ज्या ग्रहांविषयी बोलणार आहे ते आकाशात कुठेच नाहीत. ते चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जन्मले, आणि तिथेच त्यांचा मुक्काम आहे. गंमत अशी, की ज्यांनी उभ्या जन्मात दुर्बिणीला डोळा लावलेला नाही अशा कितीतरी माणसांना हे खोटे ग्रह खऱ्या नेपच्यूनपेक्षा अधिक ओळखीचे असतात.

विज्ञानकथांच्या पडद्यावर आजपर्यंत असे शेकडो ग्रह येऊन गेले असतील. कुठे जांभळे आकाश, कुठे तीन तीन चंद्र, कुठे अंधारात चमकणारी झाडे. पाहताना डोळे दिपतात. पण चित्रपटगृहातून बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत त्यातले निम्मे आपण विसरलेले असतो. मोजके काही मात्र वर्षानुवर्षे मनात घर करून राहतात. असे का व्हावे? रंगरंगोटी तर सगळ्यांनाच केलेली असते! हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याचे उत्तर मिळाले ते माझ्या थोरल्या बहिणीकडून, आणि तेही तिच्या नकळत.

झाले असे. एका रविवारी दुपारी आमच्या नातवाने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना 'ड्यून' हा चित्रपट दाखवायला बसवले. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या १९६५ सालच्या कादंबरीवरून दनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकाने २०२१ साली काढलेला हा चित्रपट. कथा घडते ती अराकिस नावाच्या ग्रहावर. हा ग्रह म्हणजे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत वाळवंट. पाऊस म्हणजे काय ते तिथल्या मुलांना ठाऊक नाही. वाळवंटात राहणारे लोक अंगात एक खास पोशाख घालतात. घाम म्हणा, श्वासातली वाफ म्हणा, शरीरातून बाहेर पडणारे सगळे पाणी तो पोशाख गाळून घेतो आणि ते पुन्हा प्यायचे. माणूस मेला तर त्याच्या देहातले पाणीसुद्धा टोळीच्या साठ्यात जमा होते.

त्यात एक प्रसंग असा आहे. ग्रहाचा कारभार नव्याने हाती घेतलेल्या सरदाराला भेटायला या वाळवंटी टोळीचा नायक येतो. येतो, आणि सरदारासमोरच्या मेजावर चक्क थुंकतो. झाले! भोवतालच्या लोकांचे हात शस्त्रांकडे जातात. पण त्या टोळीत राहून आलेला एक जाणता योद्धा त्यांना थांबवतो आणि पाहुण्याचे आभार मानतो. कारण जिथे पाण्याचा थेंब थेंब मोजला जातो, तिथे आपल्या अंगातला ओलावा दुसऱ्यापुढे ठेवणे याहून मोठा मान तो कोणता?

हा खुलासा पडद्यावर व्हायच्या आधीच आमचा नातू "ईऽऽ" म्हणून हसला. आणि अक्का, जिला या कथेचा मागचापुढचा काही पत्ता नव्हता, ती शांतपणे म्हणाली, "अरे, हसतोस काय? पाणी दिलं त्यानं. त्याच्याजवळ होतं तेवढं दिलं."

तिला कसे कळले? त्याचे कारण सांगतो. अक्का २०१६ साली लातूरला होती. तुमच्यापैकी पुष्कळांना तो उन्हाळा आठवत असेल. शहराला पाणी पुरवणारे धरण कोरडे पडले होते, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवून लातूरला पोचली. त्या दिवसांत अक्काच्या घरी अंघोळीचे पाणी परातीत धरायचे, ते धुण्याला वापरायचे, धुण्याचे फरशीला आणि उरलेले संडासात. हे ती हसत हसत सांगते. जे ती हसून सांगत नाही ते असे, की एकदा भर दुपारी दारात आलेल्या पाहुण्याला तिने अर्धाच पेला पाणी दिले. मागितले असते तर आणखी दिले असते. पण तो मागणार नाही हे तिला ठाऊक होते, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होते. त्या अर्ध्या पेल्याची टोचणी तिच्या मनात अजून आहे.

तेव्हा अराकिस अक्काला परका वाटलाच नाही. आणि मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपल्या लक्षात राहतो तो ग्रह, जो पृथ्वीवर आपल्याला फुकट मिळणारी एखादीच वस्तू काढून घेतो आणि मग विचारतो, "आता जगून दाखवा पाहू!" बाकीचे सारे आपल्यासारखेच असते. माणसे भांडतात, प्रेम करतात, मुले वाढवतात. फक्त ती एक वस्तू नसते, आणि तेवढ्याने सारे जग वेगळे होऊन जाते. विशेष म्हणजे या ग्रहाचे बीजही पृथ्वीवरचेच आहे. १९५७ साली हर्बर्ट अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या पाहायला गेले होते. वाऱ्याने सरकणारी ती वाळू गवत लावून कशी थोपवतात, यावर त्यांना एक लेख लिहायचा होता. तो लेख काही प्रसिद्ध झाला नाही, पण वाळू त्यांच्या डोक्यातून गेली नाही, आणि त्यातून पुढे अराकिस उभा राहिला.

ही किल्ली घेऊन आता आपण आणखी दोनचार ग्रहांची कुलपे उघडून पाहू.

पहिला ग्रह जुना आहे. १९५६ साली हॉलिवूडमध्ये 'फॉरबिडन प्लॅनेट', म्हणजे निषिद्ध ग्रह, या नावाचा चित्रपट निघाला. त्यातला ग्रह आहे अल्टेअर या ताऱ्याभोवतीचा चौथा ग्रह. हा अल्टेअर म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून आपल्या सत्तावीस नक्षत्रांतला श्रवण, बरं का! आपल्यापासून सुमारे सतरा प्रकाशवर्षांवर असलेला हा खरा तारा. ग्रह मात्र कल्पनेतला, आणि त्याचे आकाश हिरवे.

या ग्रहावर एके काळी क्रेल नावाची अतिशय प्रगत जात नांदत होती. त्यांनी जमिनीच्या पोटात एक अवाढव्य यंत्र बांधले. लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही वीस वीस मैल! मनात आणावे आणि ते समोर प्रकट व्हावे, हात हलवायलाही नको, असे ते यंत्र. आपल्याकडे कल्पवृक्षाची गोष्ट आहे, तिची आठवण व्हावी. कल्पवृक्षाखाली बसलेल्या माणसाच्या मनात वाघाची भीती आली, आणि वाघ खरोखरच आला, ती गोष्ट. क्रेल लोकांचेही तेच झाले. मनाच्या तळघरात आपण जो राग, जो मत्सर कोंडून ठेवलेला असतो तो त्यांच्यातही शिल्लक होता, आणि त्यांना त्याचा विसर पडला होता. यंत्राने त्यालाही रूप दिले, आणि एका रात्रीत सारी जात नष्ट झाली. पुढे पृथ्वीवरून गेलेला एक विद्वान त्या यंत्राच्या नादी लागतो आणि त्याच्या मनातला राक्षस रात्री हिंडू लागतो. दिवसा तो सभ्य गृहस्थच असतो.

या ग्रहाने काय काढून घेतले? तर विचार आणि कृती यांच्यामधले अंतर. रागाच्या भरात आपण मनातल्या मनात किती जणांचे वाईट चिंततो! संध्याकाळपर्यंत ते विरून जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर आपण चहा घेतो. हे अंतर ही केवढी मोठी देणगी आहे, हे तो ग्रह पाहिल्यावर समजते. आपण आकाशवाणीच्या माध्यमातून भेटत आहोत म्हणून आणखी एक सांगतो. या चित्रपटाचे संगीत लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने निव्वळ विद्युत्‌मंडलांतून निघणाऱ्या आवाजांनी सिद्ध केले. ना सतार, ना व्हायोलिन. वाद्याचा मानवी स्पर्शच त्या ग्रहावर ठेवला नाही.

दुसरा ग्रह सोलारिस. पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांची १९६१ सालची कादंबरी, आणि तिच्यावरून रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्की यांनी केलेला १९७२ सालचा चित्रपट. या ग्रहावर एक अफाट समुद्र आहे, आणि तो समुद्रच विचार करणारा आहे. त्याच्यावर तरंगणाऱ्या स्थानकात मोजके शास्त्रज्ञ राहतात. समुद्र त्यांच्याशी बोलत नाही. तो त्यांच्या झोपेत मनाचा तळ ढवळतो आणि तिथे पुरलेले माणूस जिवंत करून सकाळी समोर आणून बसवतो. क्रिस केल्व्हिन या नायकापुढे त्याची वारलेली बायको येऊन उभी राहते. तेच डोळे, तेच बोलणे. तिला स्वतःला ठाऊक नाही की आपण कोण. आणि तिच्या मृत्यूत आपला काही दोष होता ही जाणीव नायकाला कधीच सोडून गेलेली नाही.

सोलारिसने काढून घेतला तो विसर. विसराला आपण दुर्गुण समजतो. परीक्षेत तो असतोही. पण घरात मृत्यू झाल्यावर चार महिन्यांनी आपण पुन्हा जेवू लागतो, हसू लागतो, ते कशाच्या बळावर? सोलारिसच्या समुद्राला हे कळत नाही. तो क्रूर आहे की दयाळू, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

या चित्रपटातली एक छोटीशी गोष्ट मला फार आवडते. स्थानकावर रात्री सुनेसुने वाटते म्हणून तिथला एक शास्त्रज्ञ नायकाला सांगतो, की कागदाच्या पट्ट्या कापून हवेच्या झरोक्याला बांध, म्हणजे पानांच्या सळसळीसारखा आवाज येईल. विश्वाचे कोडे सोडवायला गेलेली माणसे, आणि त्यांना झोप येण्यासाठी हवी असते पिंपळाच्या पानांची सळसळ! लेम यांच्या कादंबरीची सुरुवात थेट प्रवासापासून होते. तार्कोव्स्कींनी मात्र आरंभी बराच वेळ पृथ्वीच दाखवली आहे: तळ्यातले पाणगवत, झाडे, अंगणात कोसळणारा पाऊस. लेखकाला हा बदल रुचला नाही. पण जे पुढे काढून घ्यायचे आहे ते आधी दाखवायला नको का?

तिसरा ग्रह अलीकडचा. २०१४ साली ख्रिस्तोफर नोलन यांचा 'इंटरस्टेलर' हा चित्रपट आला. त्यात एका प्रचंड कृष्णविवराजवळ एक ग्रह आहे. घोटाभर पाणी सगळीकडे पसरलेले, आणि दूरवर डोंगरासारख्या लाटा. पण खरी भीती लाटांची नाही. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे! नायक आपल्या दोन मुलांना घरी ठेवून गेलेला. त्या ग्रहावर थोडा घोटाळा होतो, थोडा उशीर होतो, आणि यानात परत येऊन पाहतो तो पृथ्वीवर तेवीस वर्षे उलटलेली. मुलांनी पाठवलेले निरोप साठून राहिले आहेत. तो एकामागून एक पाहत जातो, आणि पोर डोळ्यांदेखत बापाच्या वयाचे होते. ज्यांची मुले शिकायला म्हणून सातासमुद्रापार गेली आणि तिथलीच झाली, अशा आईबापांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

या ग्रहाने काढून घेतला तो सर्वांना सारखा मिळणारा वेळ. आणि ही केवळ कविकल्पना नाही हो! किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ या चित्रपटाचे सल्लागार होते. पुढे २०१७ साली त्यांना गुरुत्वलहरींच्या कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गुरुत्वाकर्षण जिथे बलवान, तिथे काळ संथ चालतो, हे आइन्स्टाइनचे शास्त्र. कृष्णविवर अतिशय वेगाने फिरत असले तर एवढा फरकही पडू शकतो, असे थॉर्न यांनी गणिताने दाखवले. तुमच्या खिशातला फोन रस्ता दाखवतो ना? तो ज्या उपग्रहांवर विसंबतो त्यांची घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सेकंदाच्या सुमारे अडतीस दशलक्षांश इतकी पुढे जातात. तो हिशेब धरला नाही, तर आपण शनिवारवाड्याला निघून भलतीकडेच पोचू.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक ग्रह काही ना काही काढूनच घेतो का? एखादा देतही असेल की! आहे, तसाही एक आहे. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मधला टॅटूइन. याच्या आकाशात एक सोडून दोन सूर्य. चित्रीकरण झाले उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात, आणि नावही तिथल्याच ततावीन या गावावरून घेतलेले. नायकाचे घर म्हणून जे दिसते ते मातमाता गावातले, जमिनीत खड्डा खणून केलेले खरेखुरे पारंपरिक घर. पण दोन सूर्य मिळून त्या पोराला काय मिळाले? काका कोरडवाहू शेतकरी, हवेतला ओलावा यंत्राने गोळा करणारा. पोराला बाहेर पडून शिकायचे आहे, आणि काका म्हणतात, एवढा एक हंगाम थांब. संध्याकाळी तो वाळूत उभा राहून मावळणाऱ्या दोन्ही सूर्यांकडे पाहतो. खेड्यातल्या एस. टी. थांब्यावर उभ्या असलेल्या कितीतरी तरुणांच्या डोळ्यांत मी ती नजर पाहिली आहे. सूर्य दोन असले तरी उद्याचा दिवस उगवत नाही, हे त्याचे दुःख.

निसर्गाने या ग्रहाची खरी जोडही दाखवली. २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या साहाय्याने दोन सूर्यांभोवती फिरणारा एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. शनीएवढा, थंड, आपल्यापासून दोनशेहून अधिक प्रकाशवर्षांवर. उभे राहायला तिथे जमीन बहुधा नाहीच, पण दोन सूर्यास्त आहेत. सगळ्यांचेच नशीब असे नसते. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतला व्हल्कन ग्रह, भावना आवरून केवळ तर्काने चालणाऱ्या लोकांचा, ज्या ताऱ्याभोवती आहे असे मानले जाते, त्या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडल्याची बातमी २०१८ साली आली. चाहते आनंदले. पण २०२४ साली अधिक बारकाईने पाहता तो ग्रह नसून ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालींनी झालेला भास ठरला. याच नावाचा एक ग्रह याआधीही असाच हरवला होता. १८५९ साली फ्रेंच ज्योतिर्विद ल व्हेरिए यांनी बुधाच्या आत एक ग्रह असावा असे मांडले आणि त्याचे नाव व्हल्कन ठेवले. १९१५ साली आइन्स्टाइनने बुधाच्या चालीचा उलगडा त्या ग्रहावाचून केला. तर्कावर चालणाऱ्या ग्रहाला तर्कानेच दोनदा पुसून टाकावे, यात एक न्याय आहे खरा!

शेवटचा ग्रह सांगतो आणि थांबतो. १९६८ सालचा 'प्लॅनेट ऑफ द एप्स', वानरांचा ग्रह. मूळ कादंबरी पिअर बूल या फ्रेंच लेखकाची, १९६३ सालची. अंतराळवीर एका अनोळखी ग्रहावर उतरतात. तिथे वानर राज्य करतात आणि माणसे मुक्या जनावरांसारखी रानात राहतात. नायक कसाबसा निसटतो, समुद्रकाठाने दूर जातो, आणि तिथे वाळूत अर्धा गाडला गेलेला अमेरिकेचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याला दिसतो. ही परकी भूमी नव्हेच. ही पृथ्वीच आहे, माणसांनी स्वतःच्या हाताने उजाड केलेली. मूळ कादंबरीचा शेवट असा नाही, हा चित्रपटकर्त्यांचा. तोपर्यंतच्या दीडदोन तासांत आपण ज्याला ग्रह ग्रह म्हणत होतो, त्याने आपल्याकडून काय काढून घेतले होते, ते एका क्षणात कळते. सारेच काढून घेतले होते.

आज आपल्या सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून अधिक ग्रह शास्त्रज्ञांनी नोंदवले आहेत. त्यातल्या एकावरही, घागर घेऊन जावे आणि भरून आणावी, असे पाणी असल्याचे अजून सिद्ध झालेले नाही.

चित्रपट संपल्यावर नातवाने अक्काला विचारले, "आजी, तुला कुठल्या ग्रहावर राहायला आवडेल?" अक्का उठली, तिने आतून तांब्याभर पाणी आणले, आम्हा तिघांना एकेक पेला भरून दिला. काठोकाठ. मग म्हणाली, "हे जिथं मिळेल तिथं."

आश्विनातल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी बाहेर येऊन डोक्यावर पाहा. थोडा दक्षिणेकडे एक ठळक तारा दिसेल. तोच श्रवण. त्याच्याभोवतीच्या हिरव्या आकाशाच्या ग्रहाची आठवण खुशाल काढा. आणि आत जाताना अंगणातला नळ नीट बंद झाला आहे ना, तेवढे पाहून जा.